खळ दिलेले मास्क

माझ्या नोकरीत मी ज्यांचा सर्वांत जास्त ऋणी आहे, त्यांचे नाव हिलाल नाना. ते डॉक्टर नव्हते, संस्थेचे विश्वस्तही नव्हते. आमच्या रुग्णालयाचे कपडे धुणारे ते परीट होते. या अंकासाठी तुमच्या कामावर काहीतरी लिहा, असे संपादकांनी सांगितले तेव्हा मी दोनदा टाळले. तिसऱ्यांदा सांगितले तेव्हा ठरवले, की लिहायचेच असेल तर नानांचे नाव पहिल्या ओळीत येईल आणि त्यांच्याबाबत माझ्या हातून जे झाले तेही येईल. त्याशिवाय या कामाविषयी माझ्याजवळ सांगण्यासारखे फारसे नाही.

सुरत–भुसावळ रेल्वेमार्गावरच्या एका गावात एका धर्मादाय संस्थेचे रुग्णालय आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे मी वस्त्रभांडार सांभाळतो. चादरी, झगे, ऑपरेशनची हिरवी कापडे आणि मास्क. कोणते कापड किती वेळा वापरायचे, कधी धुवायचे, कधी फाडून पुसायला द्यायचे, हे सांगणारा माणूस मी. लोकांना वाटते रुग्णालय म्हणजे औषधे. खरे तर रुग्णालयात औषधांपेक्षा जास्त कापड फिरते.

माझे गाव फैजपूरजवळ. वडील केळीच्या बागेत घड वाहायचे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. कॉलेजला जायला माझ्याकडे एकच पांढरा शर्ट होता. आई तो दर दोन दिवसांनी धुऊन त्याला भाताच्या पेजेची खळ द्यायची आणि तांब्यात निखारे घालून इस्त्री करायची. शर्ट इतका कडक व्हायचा की बसताना वाजायचा. आई म्हणायची, "मास्तरायले दिसलं पाह्यजे, पोरगं कोन्या घरचं आहे ते." मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो. पण स्वच्छ म्हणजे कडक, आणि कडक म्हणजे मान, ही गोष्ट माझ्यात पुस्तकाच्या आधी शिरली होती. ती पुढे कुठे नडणार आहे हे तेव्हा कळायचे कारण नव्हते.

नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला मी नोकरीला लागलो. पहिल्या दिवशी वही-पेन घेऊन रुग्णालयाच्या मागच्या भट्टीवर गेलो. हिलाल नाना तेव्हा साठीच्या आसपासचे. कोपरी, गुडघ्यापर्यंत धोतर, सोड्याने बोटांची सालं निघालेली. मी विचारले, "नाना, मास्क किती अंशांवर उकळता तुम्ही?"

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पानी उकयनं का उकयनं, भाऊ. पानीले काय माहीत, कितला अंश शेतस ते."

मी वही मिटली. नाना तेव्हापासून मला 'शिकेल भाऊ', म्हणजे शिकलेला भाऊ, म्हणू लागले. त्यानंतर दोन वर्षे मी त्यांच्याकडून शिकलो. आज मी जे काम करतो ते त्यांचे आहे, माझी फक्त सही असते.

बाहेरच्या माणसाला कळावे म्हणून थोडे सांगतो. तेव्हा आमच्याकडे कापडी मास्क असत. मलमलीचे चार पदर, चार कोपऱ्यांना चार नाड्या. नाना त्याला मुसकं म्हणत. कोळपताना बैलाने पीक खाऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला जे बांधतात ते. आमच्या सर्जनांना हा शब्द आवडत नसे, पण सगळे रुग्णालय तोच वापरी.

ताका आणला की नाना तो उन्हात धरून बघत. फार विरळ नको, फार घट्टही नको. घट्ट कापडातून श्वास घेता येत नाही आणि माणूस ते नाकाखाली ओढतो. मग ताका दोनदा गरम पाण्यात धुवायचा, कारण कोऱ्या कापडाला गिरणीची खळ असते. "पहिले खय काढनी, मंग शिवनं," हा त्यांचा पहिला नियम. शिवल्यावर बाहेरच्या बाजूला कोपऱ्यात निळ्या दोऱ्याचा एक टाका. एकदा वापरलेला मास्क कुणी उलटा करून पुन्हा घालू नये म्हणून. ओलसर झाला की मास्क बदलायचा. वापरलेले झाकणाच्या बादलीत. आधी भिजवणे, मग चारही नाड्या सैल गाठीत बांधून सोड्याच्या पाण्यात उकळणे, नाहीतर उकळताना सगळ्यांच्या नाड्यांचा गुंता होतो. पिळायचे नाही, आपटायचे नाही, उन्हात वाळवायचे.

मास्क अजून कामाचा आहे की नाही, हे बघायच्या दोन परीक्षा होत्या. तो तोंडाला बांधायचा, पेटलेली काडी हातभर पुढे धरायची आणि फुंकायचे. ज्योत विझली तर कापड विरले, बाद. ही परीक्षा मला लगेच पटली. दुसरी पटली नाही. नाना कोपरीच्या खिशातून सरकीवरून ओढलेल्या कापसाचा पुंजका काढत, तो मास्क बांधलेल्या माणसाच्या गालाशी धरत आणि त्याला श्वास सोडायला सांगत. पुंजका हलला तर मास्क नीट बसलेला नाही.

"काडी समोरनं सांगस, कापूस बाजूनं सांगस. दोन्हीस्ले इचारनं पडस," ते म्हणत.

मला हा त्यांचा नाद वाटे. धरणगावकडच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात त्यांचे दोन भाचे होते. बाद झालेले मास्क नाना त्यांना देत, रुईचा फुफाटा नाकात जाऊ नये म्हणून. कापसाची ही परीक्षा तिथूनच आली असावी. पुस्तकात ती नव्हती, म्हणून मी ती करत नसे.

या कामात गिऱ्हाइकेही तऱ्हेतऱ्हेची. जळगावहून महिन्यातून दोनदा येणारे एक सर्जन होते. त्यांच्या मिशा इतक्या भरदार की मास्क पुढे तरंगत राही. नाना त्यांच्यासाठी वेगळे, खोल शिवून घेत आणि त्यावर निळ्याऐवजी काळा टाका. "मिशीवाला मुसकं" म्हणून ते वेगळ्या कप्प्यात ठेवत. सर्जनांना वाटे, आपला मान म्हणून वेगळे ठेवतात. क्षयाच्या वॉर्डात नवऱ्याला भेटायला येणारी एक म्हातारी होती. नाकात मोठी नथ. मास्क घाला म्हटले तर नथीत नाडी अडके. सिस्टर म्हणाल्या, "आजी, नथ काढून ठेवा तासभर." आजी म्हणाली, "नथ काढनार नही मी. मरनू ते नथसकट मरसू." शेवटी नानांनी तिच्यासाठी एका बाजूला चुण्या घालून मास्क शिवून आणला. तो नथीवरून अलगद बसला. नवरा बरा होऊन घरी गेला तेव्हा आजीने तो मास्क परत केला नाही. "मन्हासाठी शिवेल शे, मीच ठेवसू," म्हणाली आणि पदराला बांधून घेऊन गेली.

मग चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेगची साथ आली.

आमच्याकडची अर्धी तरुण माणसे सुरतेला यंत्रमागावर कामाला. गणपती बसले-उठले त्या दिवसांतली गोष्ट. बातमी आली आणि दोनच दिवसांत गाड्या भरभरून माणसे परतू लागली. कोणी अमळनेरला उतरे, कोणी आमच्याकडे, कोणी पुढे भुसावळला. खोकल्यातून पसरणारा आजार, एवढे सगळ्यांना कळले होते. गावात रुमाल महाग झाले. टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल मिळेनात. आरोग्य खात्याने स्टेशनवर तपासणी सुरू केली आणि आमच्या रुग्णालयाकडे माणसे आणि मास्क मागितले.

स्टेशनवर मास्क वाटायचे आणि वापरलेले गोळा करायचे, हे काम माझ्याकडे आले. माझी नोकरी तेव्हा तात्पुरती होती. तीन वर्षे झाल्यावर कायम करतात, माझे तिसरे चालू होते. जिल्ह्याहून अधिकारी बघायला येणार, असे मोठ्या डॉक्टरांनी सांगितले होते. मोठे डॉक्टर म्हणजे आमचे प्रमुख. माझ्याकडे बघून ते एवढेच म्हणाले होते, "तुमचं काम दिसू द्या."

मास्क कमी होते. तेच दिवसातून दोनदा उकळावे लागत. उकळून उकळून ते पिवळट आणि लुळे पडले. स्टेशनवरचे हमाल, पोर्टर, आमचेच वॉर्डबॉय ते हातात घेत आणि नाक मुरडत. "हे पोतेरं तोंडाला बांधायचं?" एक जण माझ्या तोंडावर म्हणाला. सुरतेहून आलेल्या एका माणसाने एकच मास्क मागितला. मी म्हटले, घरात किती जण आहात? तो म्हणाला, "सात. एक द्या, बारीबारीथीन घालसूत." त्याला समजावता समजावता अर्ध्या गाडीतली माणसे मास्क न घेताच निघून गेली.

अधिकारी येणार त्याच्या आदल्या दिवशी मी भट्टीवर गेलो.

"नाना, सगळ्या मास्कना खळ द्या. आणि कडक इस्त्री."

नाना भट्टीत लाकूड सारत होते. तसेच थांबले. "मुसकाले खय? कसाले?"

"पोतेऱ्यासारखे दिसतात. माणसं घालत नाहीत. कडक दिसले तर घालतील."

"खय दिधी ते कपडा पुठ्ठा व्हई जाई, भाऊ. गालले चिकटनार नही. हवा बाजूथीन जाई."

"एक देऊन तर बघा."

त्यांनी एका मास्कला खळ देऊन, वाळवून, इस्त्री करून आणला. आईने केलेल्या शर्टासारखा दिसत होता. मी तो बांधला, काडी पेटवली आणि जोरात फुंकले. ज्योत जरासुद्धा हलली नाही. खळीने कापडाची भोके बुजली होती, म्हणून हवा पुढे गेलीच नाही. पण तेव्हा मला वाटले, मास्क उलट सुधारला.

"बघितलंत नाना? आधीपेक्षा बरा झाला."

नानांचा हात खिशात गेला. त्यांनी कापसाचा पुंजका बाहेर काढला आणि माझ्या गालाकडे आणला.

मी त्यांचा हात बाजूला केला. "नाना, ते कापसाचं राहू द्या आता. एवढा वेळ नाही. मी बी.एस्सी. झालोय, मला कळतं."

नानांनी पुंजका परत खिशात ठेवला. खळीचे भांडे भट्टीवर चढवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे मास्क पांढरेशुभ्र, कडक, एकावर एक रचून तयार होते.

अधिकारी आले, त्यांनी एक मास्क हातात घेऊन उलटा-सुलटा बघितला आणि "व्यवस्था चांगली आहे" म्हणाले. हमालांनी मास्क आनंदाने घातले. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते सगळे. मी दिवसभर खूश होतो, हे लिहायला आज जड जाते.

त्या दिवशी दुपारच्या गाडीतून उतरलेला एक तरुण फलाटावरच बसला आणि खोकू लागला. आमच्या रुग्णालयातल्या आया सुमनबाई यांनी त्याला धरून बाकावर नेले, पाणी पाजले, तोंड पुसले. तिसऱ्या दिवशी सुमनबाईंना थंडी वाजून ताप भरला.

रुग्णालयाचा रंगच बदलला. सुमनबाईंना मागच्या खोलीत एकटे ठेवले. त्यांची दोन मुले फाटकाशी येऊन उभी राहात आणि त्या खिडकीतून हात हलवत. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना व्हरांड्यात बोलावले. त्यांच्या हातात सुमनबाईंचा मास्क होता, उकळून घेतलेला, पण एका कोपऱ्यात खळ अजून कडक. ढिगातला एक न वापरलेला मास्क घेऊन त्यांनी स्वतः बांधला. लगेच त्यांच्या चष्म्याच्या काचांवर वाफ धरली. श्वास वरून आणि बाजूने निघत होता. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाफ धरली.

"याला खळ कोणी दिली?"

मी पहिल्या रांगेत होतो. भांडाराच्या किल्ल्या माझ्या हातात होत्या. तोंड उघडायचे होते, उघडले नाही. माझ्या मनात सुमनबाई नव्हत्या, त्यांची मुलेही नव्हती. वडील होते. गावात त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवले होते, की पोरगा यंदा कायम होणार.

मागून हिलाल नाना पुढे आले.

"मी दिधी, साहेब. कपडा कडक बरा दिसस म्हनीसन."

"इतकी वर्षं हे काम करता नाना, एवढं कळत नाही तुम्हाला?"

"चुकनं, साहेब."

"उद्यापासून येऊ नका."

नानांनी मान हलवली आणि भट्टीकडे गेले. सगळे पांगल्यावर मी मागोमाग गेलो. ते राख विझवत होते.

"नाना, असं का केलंत? मी आत्ता जाऊन सांगतो."

"तुमनी नोकरी अजून पक्की नही, भाऊ. माले काय, हात शेतस. शिरपूरले पोरगी शे, तठे धुसू."

"मी उद्या सांगतो, नाना. नक्की."

"सांगा मंग," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता.

सुमनबाईंच्या रक्ताचा अहवाल आला. हिवताप निघाला. फलाटावरचा तरुणही साध्या खोकल्याचा. आमच्या गावात साथ आलीच नाही. आठ-दहा दिवसांत सुमनबाई कामावर परतल्या. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि त्याबरोबर माझे 'उद्या'ही सुटले. काहीच झाले नाही, मग आता कशाला उकरून काढायचे, असे मी स्वतःला सांगितले. वर्ष सरले आणि मी कायम झालो. वडिलांनी गावात पेढे वाटले.

नाना गेले त्या महिन्यात मी एक गोष्ट केली. खळ दिलेला एकेक मास्क स्वतः गरम पाण्यात धुतला. खळ निघायला तीन-तीन पाणी लागले. हात सोलवटले. बघणाऱ्यांना वाटले, केवढा कष्टाळू आहे हा. आणि तेव्हापासून मी कापसाची परीक्षा करतो. प्रत्येक नव्या माणसाला शिकवतो. ती कुणाची आहे, हे मात्र सांगत नव्हतो.

आता कापडी मास्क कमी झाले आहेत. जळगावहून खोक्यांतून कागदासारखे मास्क येतात. वापरून फेकायचे असतात. माणसे तेही खिडकीत वाळत घालतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधतात. मी सांगून सांगून थकलो आहे. शिळा कागद धुता येत नाही, हे कुणाला पटत नाही.

गेल्या वर्षी संस्थेच्या कार्यक्रमात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि साथीच्या काळात स्टेशनवर केलेल्या कामाचा उल्लेख. कार्यक्रम संपल्यावर सुमनबाई माझ्याजवळ आल्या. शिरपूरला त्यांची बहीण असते, तिच्याकडून नुकत्याच आल्या होत्या.

"हिलाल नाना भेटला होता, भाऊ. म्हातारा झाला हो फार. तिथल्या दवाखान्याचे कपडे मिळत होते त्याच्या जावयाला. कुणीतरी सांगितलं, हाच तो मुसक्याला खळ देणारा. मग नाही दिले. आता खानावळीचे पडदे धुतात." मग त्या म्हणाल्या, "माझ्यामुळेच गेला ना तो. मला तेव्हा ताप आला नसता तर."

शाल माझ्या खांद्यावर होती. सुमनबाई चार वर्षे हा भार स्वतःवर घेऊन फिरत होत्या.

मी त्यांना तिथेच सांगितले. त्या म्हणाल्या, "मला कशाला सांगता? त्याला सांगा." आणि निघून गेल्या. अजून त्या माझ्याशी कामापुरतेच बोलतात.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि डोळे मिटून खुर्चीत मागे टेकले. "आता सांगून काय उपयोग?" म्हणाले. मग, "लेखी द्या." मी दिले. माझ्या कागदांत ते लावले गेले, पुढे काही झाले नाही. कायम झालेल्या माणसाला खरे बोलणे फार स्वस्त पडते. तात्पुरता होतो तेव्हा बोललो असतो, तर त्याला काही अर्थ होता.

त्याच दिवशी नानांना पत्र लिहिले. नानांना वाचता येत नाही, हे लिहिताना ध्यानात ठेवले. पत्र असे:

ती. हिलाल नाना यांस,
सा. न.

मी रुग्णालयाच्या भांडारातला. तुम्ही मला 'शिकेल भाऊ' म्हणायचात.

नाना, मी 'उद्या सांगतो' म्हणालो होतो. चार वर्षे झाली. आज सांगितले. मोठ्या डॉक्टरांना लिहून दिले आहे आणि त्याची सही-शिक्क्याची नक्कल सोबत जोडली आहे. ती जावईबापूंनी शिरपूरच्या दवाखान्यात दाखवावी. त्यांना काही विचारायचे असेल तर मी स्वतः तिथे येऊन सांगेन. न विचारता यायचे असेल तरी येईन, तुम्ही परवानगी दिलीत तर.

तुम्ही माझ्या गालाला कापूस लावत होता, तेव्हा मी तुमचा हात बाजूला केला. तुम्ही गेल्यापासून एकही मास्क कापूस लावल्याशिवाय माझ्या हातून गेला नाही. नव्या मुलांना मी आता सांगेन, की ही परीक्षा हिलाल नानांची आहे.

सुमनबाई तुम्हाला भेटल्याचे त्यांच्याकडून कळले. त्यांना ताप हिवतापाचा होता, खळीचा नव्हता. हेही तुम्हाला कुणी सांगितले नसेल.

हे पत्र जो कोणी नानांना वाचून दाखवत असेल, त्याला माझी हात जोडून विनंती आहे. घरातल्या सगळ्यांना जवळ बोलवा, जावईबापूंनाही. शेजारचे असतील तर त्यांनाही. आणि खालची ओळ मोठ्याने दोनदा वाचा.

खळ द्यायला मी सांगितले होते. हिलाल नाना नको म्हणाले होते.